भाषांची ओळ

जूनचा दुसरा आठवडा लागला की आमच्या कॉलेजसमोरची झेरॉक्सची दुकानं सकाळी आठलाच उघडतात. एरवी दहाशिवाय शटर वर जात नाही. गरम कागदाचा तो वास रस्ता ओलांडून फाटकापर्यंत येतो. अठ्ठावीस वर्षं येतोय. बाकीच्या जगाला आंब्याचा हंगाम असतो, लग्नाचा हंगाम असतो; आम्हा कॉलेजवाल्यांना एकच, प्रवेशाचा. तोही आता मोबाइलवर होतो. तरी मार्कलिस्ट, जातीचा दाखला, रेशनकार्ड यांच्या तीन तीन प्रती कोणाला ना कोणाला हव्याच असतात, त्यामुळे वास टिकून आहे.

मी मराठी शिकवते. घाटकोपरच्या एका जुन्या कॉलेजात, पहिल्या मजल्यावरच्या चौदा नंबरच्या खोलीत. विभागात पूर्वी आम्ही तिघी होतो. एक निवृत्त झाली, एकीने नोकरी सोडली, दोन्ही जागा भरल्या गेल्या नाहीत आणि आता विभाग म्हणजे मी. माझी अजून दोन वर्षं आहेत. त्यामुळे लोक मला सांगतात, तुम्हाला काय मॅडम, तुमचं तर झालंच. हे वाक्य गेल्या महिनाभरात मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता कोणी 'तुम्हाला काय' एवढं म्हटलं की पुढचं मीच पुरं करते.

यंदा हंगामाच्या चौथ्या दिवशी एक मुलगी चौदा नंबरच्या दारात आली. केस ओले, हातात मोबाइल. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आमच्याकडे एक भारतीय भाषा घ्यावी लागते. तिने स्क्रीन माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "मॅम, यात मराठी दिसत नाहीये. मग हिंदी घेऊ का?" मी चष्मा लावला. यादी वर केली, खाली केली. हिंदी होती, संस्कृत होती. मराठी नव्हती. मी तिचा मोबाइल हातात घेऊन खिडकीशी गेले, उजेडात तरी दिसेल म्हणून. म्हातारपणी माणूस काय करेल सांगता येत नाही.

स्टाफरूममध्ये तिवारी सर डबा खात होते. हे आमचे हिंदीचे. जन्म कुर्ल्याचा, मराठी माझ्यासारखंच बोलतात, गेली अकरा वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसतात. प्रवेश समितीवर तेच होते आणि हा ऑनलाइन फॉर्म मे महिन्यात त्यांनीच खोटी नावं घालून तीनदा भरून बघितला होता, हे त्यांनीच तेव्हा मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं. मी विचारलं, तर डब्याचं झाकण लावता लावता म्हणाले, "राहिलं असेल, मॅडम. सॉफ्टवेअरवाल्यांचं काहीतरी. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

मला जीभ आहे, आणि ती किती लांब आहे हे सगळ्या कॉलेजला माहीत आहे. त्या दिवशी ती हललीच नाही. मी मान डोलावली आणि माझ्या खुर्चीत जाऊन बसले. का, ते सांगायचं तर पंधरा वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये जावं लागेल, आणि तिथे जायला मला अजिबात आवडत नाही.

तेव्हा प्रवेशाच्या दिवसांत खालच्या लांब ओसरीत टेबलं मांडली जायची. प्रत्येक भाषेचं एक. मराठी, हिंदी, गुजराती, संस्कृत, या क्रमाने, आणि त्यामागे आम्ही, समोर कोरे फॉर्म आणि दोरीने बांधलेलं पेन. बाजारात बसल्यासारखंच होतं ते. मुलं आयांबरोबर यायची, प्लास्टिकच्या फोल्डरात मार्कलिस्ट, फोटोंच्या पाकिटाला गम लागलेला, छत्र्यांचं पाणी फरशीवर. शिपाई दर तासाला गोणपाट टाकायचा आणि दर तासाला त्यावरून कोणीतरी घसरायचं. आम्ही हाका मारायचो. हो, हाका. ये बाळ, इकडे ये, कुठली शाळा तुझी, मराठीत किती पडले?

प्रत्येकाचा माल विकायचा असा एक डायलॉग होता. हिंदीवाले सांगायचे, बँकेत लागशील. संस्कृतवाले काही सांगायचे नाहीत, नुसते शंभरपैकी अठ्ठ्याण्णव मिळवलेल्याची गुणपत्रिका काचेखाली ठेवायचे. आणि मी सांगायचे, मराठी घे, सोपी आहे, घरचीच भाषा, अभ्यास करावा लागत नाही, पास होतेसच. वर्षानुवर्षं मी हे सांगितलं. माझ्या भाषेची जाहिरात मी 'हिच्यासाठी काही करावं लागत नाही' अशी केली आणि आता लोकांना तसंच वाटतं म्हणून माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात. आणि हेही लिहून टाकते, नाहीतर कोणीतरी विचारेलच: माझी मुलगी इंग्रजी माध्यमात शिकली.

गुजरातीच्या टेबलावर जयाबेन बसायच्या. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, उंच, कॉटनची साडी, पर्समध्ये कायम लिंबाच्या गोळ्या. त्यांच्याकडे डायलॉग नव्हता, कंकोत्री होती. कंकोत्री म्हणजे गुजराती लग्नपत्रिका. घाटकोपरात गुजराती घरं ढिगाने, पण त्यांची मुलं इंग्रजी शाळांतली; भाषा बोलतात, अक्षर वाचता येत नाही. अशी मुलं टेबलाशी आली की जयाबेन पर्समधून एक चुरगळलेली कंकोत्री काढायच्या आणि म्हणायच्या, घरी येते ना अशी? मग मामाच्या मुलीचं लग्न कधी आहे ते वाचून दाखव. मुलगा लाजून अक्षर अक्षर जुळवायचा. तारीख लागली की जयाबेन गोळी द्यायच्या आणि फॉर्म पुढे सरकवायच्या. एकदाही कोणाला त्यांनी सोपं आहे असं सांगितल्याचं मला आठवत नाही. मधल्या सुट्टीत आम्ही दोघी एका डब्यात जेवायचो. माझ्या घावन्यांवर त्यांचा कैरीचा गोड छुंदा. माशांच्या दिवशी मी वेगळा डबा आणायचे आणि खिडकीशी बसायचे, तर त्या ओरडायच्या, इकडेच बस गं, मी डोळे मिटते.

कॉलेजची माहितीपुस्तिका दर मे महिन्यात छापली जायची. तिचं प्रूफ माझ्याकडे यायचं. मराठीची बाई, म्हणजे प्रूफ तिचंच, ही आमच्याकडची रीत. त्याचे पैसे नाहीत, आभारही नाहीत. फक्त चूक राहिली तर नाव माझं. मला ते काम मनापासून आवडायचं. सुट्टीत घरी, पंख्याखाली, लाल पेन घेऊन मी बसायचे. उत्तरपत्रिका तपासायची सवय हाडात मुरलेली, त्यामुळे एकेक ओळ वाचून झाली की शेवटी बरोबरची लाल खूण. कोणी सांगितलं नव्हतं. पण खूण केल्याशिवाय पुढच्या ओळीवर डोळा जायचाच नाही.

त्या वर्षी पान सातवर भाषांची ओळ होती. मराठी, हिंदी, संस्कृत.

मी ती वाचली. पुन्हा वाचली. मागच्या वर्षीची पुस्तिका बाजूलाच होती, तीही उघडली. मग जे काही माझ्या डोक्यातून गेलं ते मी कोणाला कधी सांगितलेलं नाही. पहिला विचार आला तो, ऑफिसचा घोळ, जयाबेनना फोन करावा. दुसरा लगेच त्याच्या पाठोपाठ आला. त्या वर्षी माझीही मुलं कमी होती. किमान संख्येला टेकतील न टेकतील अशी. घाटकोपरची, भांडुपची, विक्रोळीची कितीतरी मराठी मुलं गुजराती वस्तीत वाढलेली असतात, त्यातली पाच-सहा दर वर्षी जयाबेनच्या टेबलाशी जायची. गुजराती नसेल तर ती कुठे जातील? तिसरा विचार म्हणजे विचार नव्हताच, सबब होती: हे कदाचित वरून ठरलं असेल, आपण कशाला मध्ये पडा, आपलं काम शुद्धलेखन बघणं. मी ओळीच्या शेवटी लाल खूण केली आणि पान उलटलं.

एवढंच केलं मी. कोणाची खुर्ची ओढली नाही, कोणाविरुद्ध अर्ज केला नाही, कोणाचं वाईट चिंतलं नाही. एक ओळ वाचली आणि बरोबर आहे म्हटलं.

जूनमध्ये ओसरीत टेबलं लागली. गुजरातीचंही लागलं, कारण शिपायाला सवयच होती. जयाबेन येऊन बसल्या. मुलं यायची, पुस्तिका उघडायची, गुजराती यात नाही म्हणून पुढे सरकायची. जयाबेन समजावायच्या, आहे, आहे, मी इथे बसलेय ना. पण छापलेल्यावर आपल्या लोकांचा फार विश्वास. बसलेल्या माणसापेक्षा जास्त.

दुसऱ्या दिवशी एक बाई मुलीला घेऊन आली. भांडुपची, बोलण्यावरून आमच्याच मालवणकडची. घाटकोपरात गुजराती घरांत पोळ्या करायची. मुलगी लहानपणापासून आईबरोबर त्या घरांतून वावरलेली, तिथलीच वर्तमानपत्रं वाचत मोठी झालेली. जयाबेननी कंकोत्री पुढे केली तर पोरीने ती कोणी पेपर वाचावा तशी भराभर वाचली, पाठीमागच्या पत्त्यासकट. जयाबेन इतक्या खूश झाल्या की त्यांनी दोन गोळ्या दिल्या. पण बाईच्या हातात पुस्तिका होती. ती गोंधळून माझ्याकडे वळली, मराठी टेबलावर आपलं माणूस दिसलं म्हणून असेल, आणि म्हणाली, "बाई, माझ्या चेडवाक गुजराती वाचूक येता. पण तां पुस्तकात नाय म्हणतत. मगे काय करू?"

मी तिला मालवणीतच सांगितलं, मराठी घेवा. आपली भाषा. सोपी आसा. आणि फॉर्म पुढे केला. मुलीने आईकडे बघितलं, मग जयाबेनकडे, मग पेन घेतलं. दोन टेबलांत हातभर अंतर होतं. जयाबेन कंकोत्रीची घडी घालत होत्या.

त्या दिवशी दुपारी त्या डब्याला आल्या नाहीत. चारच्या सुमाराला आल्या, पुस्तिका हातात घेऊन. माझ्यापुढे पान सात उघडून धरलं आणि शांतपणे विचारलं, "माधवी, प्रूफ तू बघतेस ना?"

मी म्हटलं, राहिलं असेल, जयाबेन. छापखान्यात कोणी टाइप करताना राहिलं असेल.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बाहेर मुलांचा गलका चालू होता. मग म्हणाल्या, हां, राहिलं असेल.

तेव्हाचे प्राचार्यही हेच म्हणाले. छपाईची चूक. चूक सुधारायला म्हणून एक पिवळा कागद छापून पुस्तिकेत चिकटवायचं ठरलं, तो कागद आला प्रवेश संपल्यावर. गुजरातीला मुलं मिळाली सहा. मग मीटिंग झाली आणि त्यात चुकीबद्दल कोणी बोललं नाही, संख्येबद्दल बोलले. मागणी नाही, असं ठरलं. आम्ही भाषेचे बाकीचे शिक्षक तिथे मूग गिळून बसलो होतो. मी तर मिनिट्स लिहीत होते. माझं अक्षर चांगलं आहे ना.

विभाग बंद झाला की आमच्याकडे शिक्षकाला 'अतिरिक्त' म्हणतात. मग दुसऱ्या कुठल्या कॉलेजात जागा असेल तिथे पाठवतात, त्याला समायोजन म्हणतात. शब्द किती नीटनेटके असतात बघा. जयाबेनचं समायोजन बोरिवलीच्याही पुढच्या एका कॉलेजात झालं. घाटकोपरहून रोज दोन गाड्या आणि एक रिक्षा, गुडघे दुखत असताना, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी. तिथे त्या गुजराती शिकवायच्या नाहीतच. ग्रंथालयात बसायच्या, कारण तिथेही गुजराती नव्हतं, फक्त रिकामं पद होतं. त्यांच्या विभागाचं लोखंडी कपाट आमच्या खोलीत आलं. आम्हाला जागा हवीच होती, आम्ही खूश झालो. त्यावरचं गुजराती अक्षरांतलं नाव रंगवून झाकलं, पण रंग स्वस्तातला, दुपारी उन्हाची तिरीप आली की खालची अक्षरं अजून वाचता येतात. मी गुजराती लिपी शिकले ती त्या कपाटावरून. कोणालाही सांगितलेलं नाही हे.

माझे वडील गिरणीत साचेवाले होते, म्हणजे मागावर काम करायचे. गिरणी एकदम बंद पडली नाही, हे ते जेवताना हजारदा सांगायचे. आधी रंगखातं बंद केलं. रंगखात्यातली माणसं फाटकाशी उभी राहिली, तेव्हा साचेवाले आत कामावर जात होते. आपल्याशिवाय कापड कसं होणार, असं त्यांना वाटायचं. वडील इथपर्यंत आले की भाताचा घास हातात धरून थांबायचे आणि म्हणायचे, "आमी काय्येक बोललांव नाय." आई म्हणायची, जेवा आता. मला ती गोष्ट इतकी पाठ होती की मी ऐकायचेच नाही.

तर यंदा. मी प्राचार्यांकडे गेले. आताचे प्राचार्य तरुण आहेत, मॅनेजमेंट शिकवतात, टेबलावर कागद नसतोच. फेब्रुवारीत भाषा दिनाला ते फेटा बांधतात आणि मायबोलीवर असं बोलतात की मुलं शिट्ट्या मारतात. त्यांनी लगेच सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावला, माझ्यासमोर. तरी मराठीचं नाव यादीत आलं ते पहिली प्रवेश यादी लागून गेल्यावर. तोवर मुलांनी हिंदी घेतली होती, संस्कृत घेतली होती. दारात आलेली ती ओल्या केसांची मुलगीही हिंदीत गेली. मराठीला आली चार.

मग त्यांनी मला पुन्हा बोलावून लॅपटॉप माझ्याकडे वळवला. स्क्रीनवर रंगीत खांब होते. मराठीचा खांब दिसतच नव्हता, त्यांनी बोट ठेवून दाखवला. म्हणाले, मॅडम, डिमांडच नाही, मी काय करू? पहिलं वर्ष नाही, मग पुढची वर्षं कुठून आणायची? टप्प्याटप्प्याने बंद करू, तुमचं कुठेही काही बिघडणार नाही, तुम्ही आमच्या मॅनेजमेंटच्या मुलांना संवादकौशल्य शिकवा. मी म्हटलं, यादीत नाव नव्हतं, तर मुलं येणार कुठून? ते म्हणाले, ते राहिलं होतं, पण डेटा तर डेटा आहे ना.

घाटकोपरात, मुंबईत, मराठीला मुलं नाहीत. हे वाक्य मी बाहेर सांगते तेव्हा लोक खवळतात. दुकानाच्या पाटीवर मराठी नाही म्हणून दगड उचलणारी माणसं मला माहीत आहेत. त्यातल्या दोघांना मी भेटले. एकाने माझ्याबरोबर फोटो काढला. दुसऱ्याने विचारलं, मुलगा बी.कॉम.ला आहे, त्याला इंग्लिश स्पीकिंगचा चांगला क्लास कुठला?

शेवटी मी निवेदन लिहिलं. संस्थेच्या विश्वस्तांना, प्रत विद्यापीठाला. दीड पान. लिहायला मला चार दिवस लागले, कारण मला राग फार आला होता आणि रागाचं मराठी माझं जास्त चांगलं होतं. ते खोडून साधं लिहिलं. भाषा म्हणजे नुसतं पास व्हायचं साधन नाही, असं लिहिताना पेन अडखळलं, पण लिहिलं. मराठी विभाग बंद करू नये, रिकाम्या जागा भराव्यात, यादीतल्या चुकीची चौकशी व्हावी. जुन्या विद्यार्थ्यांच्या सह्या घेतल्या. पोळ्या करणाऱ्या त्या बाईची मुलगी आता साकीनाक्याला एका कारखान्यात हिशेब बघते. तिनेही सही केली आणि हसत म्हणाली, मॅडम, मराठीत मला छप्पन्न होते, आठवतंय? तिवारी सरांनीही केली. खाली मान घालून, भराभर. त्यांच्याकडे मी सगळ्यांत शेवटी गेले होते.

आणि मला वाटलं, जयाबेनची सही हवी. यात माया किती आणि हिशेब किती हे मीच सांगते: गुजराती बाईने मराठीसाठी सही केली की कागद वजनदार होतो. विश्वस्तांत अर्धे लोक त्यांच्या ओळखीचे.

शनिवारी गेले. जैनांच्या देरासराच्या मागच्या गल्लीत दुसरा मजला. जयाबेन आता सत्तरीत, गुडघ्यांना पट्टे, पण साडी तीच, कडक. मला बघून त्यांना खरंच आनंद झाला, तो मला सहन होईना. खाखरे काढले, छुंदा काढला. मी कागद पुढे केला आणि एका दमात सगळं सांगितलं, ऑनलाइन यादी, चार मुलं, रंगीत खांब. तिवारी सरांचंही सांगितलं, जरा तिखटमीठ लावून. आपलाच माणूस, अकरा वर्षं शेजारी बसतो, आणि डोळ्यांनी बघून गप्प बसतो, असं म्हणाले मी. त्यांच्या घरात बसून.

त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, माणूस गप्प बसतो गं. मग अगदी हळू, जणू डब्यात मीठ कमी आहे असं सांगावं तशा म्हणाल्या, "पान सातवर तुझी लाल खूण होती, माधवी. त्या दिवशी मी आधी ऑफिसात गेले होते. क्लार्कने प्रूफची फाइल दाखवली. तिथून सरळ तुझ्याकडेच आले."

म्हणजे त्यांना माहीत होतं. विचारायच्या आधीच माहीत होतं. मला एक संधी द्यायला त्या आल्या होत्या आणि मी म्हटलं होतं, राहिलं असेल. त्यानंतर समायोजनाचा कागद येईपर्यंत आठ महिने त्या माझ्याबरोबर एका डब्यात जेवल्या. पंधरा वर्षं दिवाळीला फोन करत राहिल्या. माफी मागायला तोंड उघडलं तर रडूच आलं, आणि या वयात परक्याच्या घरी रडणं बरं दिसत नाही म्हणून खाखरा मोडत बसले. त्यांनी मला पाणी दिलं आणि चष्मा लावून निवेदन वाचायला घेतलं. बोट ठेवून, एकेक ओळ. मराठी त्या अशाच वाचतात, सावकाश आणि सगळं. मग सही केली, स्वच्छ गुजराती अक्षरांत, खाली विभागाचं नाव घालून.

सही झाल्यावरही कागद हातातून सोडला नाही. म्हणाल्या, हिंदीला किती आली यंदा?

बरी आली. मराठीची सगळी तिकडेच गेली ना.

आणि पुढच्या वर्षी?

मी खाखऱ्याचा चुरा बशीत गोळा करू लागले. तिवारी सरांच्याही दोन जागा रिकाम्या आहेत. पुढच्या वर्षी भाषा ऐच्छिक करायचं चाललंय, मग हिंदीचा खांबही बोट ठेवूनच दाखवावा लागेल, हे कॉलेजात सगळ्यांना माहीत आहे. मलाही माहीत होतं. चार दिवस मी ते निवेदन घासूनपुसून लिहीत होते तेव्हाही माहीत होतं.

"यात हिंदीचं नाव नाही," जयाबेन म्हणाल्या.

"राहिलं," मी म्हटलं. माझ्या तोंडून ते निघून गेलं होतं.

त्यांनी चष्मा काढला. रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मी भांडले तरी असते.

"आपल्या हातून असं राहत नाही गं," त्या म्हणाल्या. "आपण ओळ न ओळ वाचणाऱ्या बायका."

कागद माझ्यापुढे ठेवून त्या चहा टाकायला आत गेल्या. मी पेन उघडलं. 'मराठी विभाग' या शब्दांच्या वर, दोन ओळींच्या मध्ये, 'आणि हिंदी' असं बारीक लिहिलं. अक्षर चांगलं आलं नाही. त्या शब्दांच्या पुढे अजून एका नावापुरती जागा उरली होती. ती मी बराच वेळ बघत बसले. आतून भांड्यांचा आवाज येत होता, आणि जयाबेननी आपल्या भाषेचं नाव घाल असं मला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. बंद झालेल्या विभागाचं नाव विभाग वाचवायच्या निवेदनात येत नाही. नियमाने ते बरोबरच आहे. पंधरा वर्षांपूर्वीही सगळं नियमाने बरोबरच होतं. मी पेनाला टोपण लावलं, आणि चहा आला.